चढावर थांबणाऱ्या बाई

बाईंना ट्रक चालवताना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्या स्वयंपाकघरात पाटावर मांडी घालून बसल्या होत्या आणि समोर पोळपाटावर लॅपटॉप होता. एप्रिल महिना, तरी अंगात पूर्ण बाह्यांचा स्वेटर. पडद्यावर परदेशातला कुठला तरी घाट होता आणि त्यातून बाईंचा लाल ट्रक वर चढत होता. चढ संपायच्या आतच त्यांनी ट्रक कडेला घेतला, एका झाडाच्या सावलीत उभा केला, इंजिन बंद केलं आणि मला म्हणाल्या, "इंजन थंड होऊ दे. तवर चहा टाकते."

लॅपटॉप दुरुस्त करणं हा माझा धंदा आहे. हिंगोलीत स्टेशनच्या रस्त्याला आमचं दुकान. आधी अब्बा तिथे रेडिओ दुरुस्त करायचे, आता मी बसते. तेव्हा खेळातल्या ट्रकचं इंजिन तापत नसतं, तापतो तो लॅपटॉप, एवढं सांगायचा मला हक्क होता. मी तसं सांगितलं. "ठावं हाये मला," म्हणून बाई गॅसकडे वळल्या. ठाऊक आहे तर थांबल्या कशाला, हे मला त्या दिवशी समजलं नाही.

बाईंच्या बाबतीत माझं शाळेपासून असंच होत आलं. आम्ही कुरुंद्याला राहायचो तेव्हा त्या मला भूगोल शिकवायच्या. त्यांचे शब्द सगळे कळायचे, पण त्या ते का म्हणाल्या हे कळायचं नाही. नकाशा काढताना आधी नद्या काढायला लावायच्या, मग डोंगर, आणि सीमा सगळ्यात शेवटी. परीक्षेत एकदा प्रश्न टाकला, तुमच्या घरापासून शाळेपर्यंतचा रस्ता लिहा. वर्गातल्या हुशार मुलीने दोन पानं लिहिली आणि तिला भोपळा मिळाला, कारण वाटेत कुठे थांबते ते तिने लिहिलं नव्हतं. मी चिंचा घ्यायला थांबते असं लिहिलं होतं, मला पैकीच्या पैकी. त्या मार्कांचा आनंद मानावा की नाही, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

एसटीत त्या कायम ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर बसायच्या. खिडकी रिकामी असली तरी तिथेच. गाडी चढाला लागली की ड्रायव्हरच्या आधी यांचा डावा पाय खाली दाबला जायचा. आम्ही पोरी मागे बसून हसायचो. बाईंनी लग्न केलं नव्हतं, आणि का केलं नाही हे विचारायची गावात कुणाची टाप नव्हती, मग पायाचं कोण विचारणार.

निवृत्त झाल्यावरही त्या कुरुंद्यातच राहिल्या. त्यांच्या घराला लागूनच हळद पॉलिश करायचा ड्रम आहे. शिजवून वाळवलेली हळद त्यात घालून फिरवतात, वरची साल घासून निघते, आणि हंगामभर त्या गल्लीवर पिवळी धूळ बसते. सकाळी नेसलेलं पांढरं लुगडं संध्याकाळपर्यंत लग्नघरातून आल्यासारखं दिसायचं. ड्रमवाल्याशी त्यांचं भांडण नव्हतं. उलट धूळ अंगाला चांगली, असं त्या म्हणायच्या.

लॅपटॉपला मात्र ती चांगली नव्हती. मार्चमध्ये एक दिवस बाई एसटीने हिंगोलीला आल्या, दुकानाच्या काउंटरवर ओलं गोणपाट ठेवलं आणि म्हणाल्या, ह्याला ताप येतो, बघ. गोणपाट उलगडलं तर आत लॅपटॉप. पाण्याने जळेल हा, मी म्हणाले. त्यांनी विचारलं, माठ जळतो का? एवढी वर्षं ज्यांच्यासमोर हात वर करून बोलले त्यांच्याशी वाद घालण्यापेक्षा मी स्क्रू काढायला घेतले.

आतला पंखा हळदीने माखला होता. गरम हवा बाहेर टाकायच्या बारीक जाळीत तर पिवळा थरच बसलेला. मी ब्रशने आणि ब्लोअरने सगळं साफ करायला लागले तशी दुकानात धूळ उडाली आणि अब्बा शिंकत बाहेर गेले. प्रोसेसरवर लावायची पेस्ट वाळून पापडी झाली होती, ती खरवडून नवी लावली. बाई स्टुलावर बसून सगळं बघत होत्या. लॅपटॉप कशावर ठेवता, मी विचारलं. गोधडीवर, त्या म्हणाल्या, नाही तर त्याला खालून चटका बसतो. मी सांगितलं की हवा खालूनच आत जाते, गोधडीने त्याचं नाक दाबलं जातं, टणक आणि उंच जागी ठेवा. त्यावर त्या बराच वेळ विचार करत बसल्या. पोळपाट हे त्या विचाराचं फळ.

अब्बा शिंकून परत आले आणि बाईंना म्हणाले, "मॅडम, गरम हुई चीज से लड़ते नहीं. उसको हवा देते, और रुकते." रेडिओच्या काळापासूनचं त्यांचं हे ठरलेलं वाक्य. बाईंनी मान हलवली आणि मग मला म्हणाल्या की हा बाकी सहा दिवस पेटला तरी चालेल, पण रविवारी अकराच्या पुढे तासभर बंद पडता कामा नये. मला वाटलं बाईंना उतारवयात खेळाचा नाद लागला. होतं असं कुणाकुणाचं. पण त्यांनी जे सांगितलं ते ऐकून मी स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवला.

बाईंना एक धाकटा भाऊ आहे. पुण्याकडे त्याने उभा जन्म ट्रक चालवला आणि आता कंबर धरली म्हणून घरी बसून आहे. दोघांमध्ये कितीतरी वर्षांपासून अबोला. लग्नकार्यात भेटले तरी हा एका पंगतीला, त्या दुसऱ्या. त्याच्या मुलीने, म्हणजे बाईंच्या भाचीने, बापाचा वेळ जावा म्हणून हा ट्रकचा खेळ आणला, आणि मग डोकं लढवून दुसरा लॅपटॉप आत्याला पाठवला. बोलायचं काही नाही, आत्या, तू फक्त बाबांच्या मागे गाडी चालव, असं म्हणाली. तेव्हापासून दर रविवारी पुढे भावाचा ट्रक आणि मागे बहिणीचा. त्या खेळात वायरलेससारखं बोलायचीही सोय आहे. ती दोघांनीही कधी वापरली नव्हती. निघताना भाऊ एकदा हॉर्न द्यायचा आणि बाई एकदा.

आणि हा लॅपटॉप तापून बंद पडला की बाईंचा ट्रक रस्त्यावरून एकदम नाहीसा व्हायचा. भावाला काय दिसणार? बहीण मधेच उठून गेली, एवढंच. एकदा असं झालं तेव्हा पुढचे दोन रविवार तो आला नव्हता. भाचीने फोनवर समजावलं तेव्हा कुठे आला. तापलं तर त्याला सांगा की, मी म्हणाले. बाईंनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी नकाशात नदी चुकीची काढली होती. जो बोलत नाही त्याला कसं सांगायचं, हा त्यांचा प्रश्न बिनतोड होता.

साफ करून दिल्यावर थोडे दिवस बरे गेले. एप्रिलमध्ये परत फोन आला. लॅपटॉप पुन्हा बंद पडला होता, भाऊ पुन्हा यायचा थांबला होता, आणि भाचीने यावेळी स्पष्ट सांगितलं होतं की बाबा म्हणाले, तिला नको असंल तर कशाला ओढायचं. येत्या रविवारी कसेबसे तयार झालेत, पण आत्या, आता लॅपटॉप बंद पडला तर मला नाही जमणार, असंही ती म्हणाली. बाईंचा आवाज नेहमीसारखा कोरडा होता. शेवटी फक्त म्हणाल्या, "ये बाई तू. मला कळंना झालंय."

म्हणून त्या रविवारी मी कुरुंद्याला गेले आणि स्वयंपाकघरातलं ते दृश्य पाहिलं. स्वयंपाकघर कशासाठी, तर तिथे ड्रमची धूळ येत नाही. हे बरोबरच होतं. पण शेजारी गॅस पेटलेला, खिडकी गच्च बंद, आणि अंगात स्वेटर. स्वेटर का, तर घाटात गारठा असतो. पडद्यावर बर्फ होता हे खरं. चहा उकळल्याबरोबर मी गॅस बंद केला, स्वेटर राहू दिला, आणि बाहेरच्या खोलीतला कूलर ओढून स्वयंपाकघराच्या दाराशी आणला.

भावाचा निळा ट्रक पुढे वळणावर थांबलेला दिसत होता. बाई थांबल्या की तोही थांबत होता. मी लॅपटॉपचं तापमान दाखवणारा आकडा पडद्याच्या कोपऱ्यात लावून ठेवला, आणि बघते तर बाई थांबून नकाशा उघडून बसल्या की आकडा झरझर उतरायचा. कारण साधं होतं. नकाशा उघडला की लॅपटॉपला डोंगर, झाडं, बर्फ काही रंगवायचं नसतं, त्याला विसावा मिळतो. म्हणजे थांबून इंजिन थंड करण्याचा उपाय लागू पडत होता, फक्त इंजिन नसताना. बाईंना चूक म्हणावं की बरोबर, ते मला ठरवता येईना. मी चहा प्याले.

तास संपल्यावर मी लॅपटॉप पुढे घेतला. चित्राचा बारकावा कमी केला, सावल्या काढल्या, सेकंदाला किती चित्रं काढायची त्याला लगाम घातला. आता गार राहील, पळेलही झकास, असं सांगून लॅपटॉप त्यांच्याकडे वळवला. बाईंनी ट्रक थोडा चालवला आणि विचारलं, झाडं कुठं गेली? लांबची झाडं काढली, मी म्हणाले, त्यानेच तापत होता. त्यांनी सांगितलं, झाडं परत लाव. मी समजावलं, झाडांचा गाडीला काही उपयोग नाही.

"सावली नसलेल्या रस्त्यावर थांबायचं कुठं?" बाई म्हणाल्या.

मी हात टेकले. वाटलं, म्हातारपणी बाईंचं थोडं सरकलं असावं, आणि असं वाटल्याचं वाईटही वाटलं. मी झाडं परत लावली, सावल्याही लावल्या. त्या बदल्यात पाण्यातली प्रतिबिंबं, धुकं, ढग असलं सगळं कमी केलं. चित्रांचा लगाम तेवढा सोडला नाही. पुढच्या रविवारी परत जाऊन बघितलं, आकडा अख्खा तास जागचा हलला नाही. पोळपाट, कूलर, साफ पंखा, सगळं जुळून आलं होतं. आणि तरीही घाट आला तशा बाई झाडाखाली थांबल्या आणि इंजिन बंद केलं. पुढे निळा ट्रकही थांबला.

आता मात्र मला राग आला. एवढी खटपट मी कशासाठी केली? म्हटलं, बाई, हा आता तापत नाही, आता थांबायचं काही कारण नाही, आणि तुमच्या भावाला दर वेळी ताटकळत ठेवून तुम्हीच त्याला चिडवताय. बाईंनी नकाशा उघडला. त्यावर बोट फिरवत, माझ्याकडे न बघता, त्यांनी जीपची गोष्ट सांगितली.

त्यांच्या वडिलांची जीप होती. बाईंना गाडी चालवायला वडिलांनीच शिकवलं होतं, शेतातल्या रस्त्यावर, गावाच्या नजरेआड. भावाला दहावीनंतर शिकायचं नव्हतं. दसऱ्यापासून ती जीप वसमतच्या रस्त्यावर प्रवासी वाहायला घालायची, असं त्याचं ठरलं होतं. रोज धुवायचा, नवे सीट कव्हर शिवून आणले होते. त्या मे महिन्यात बाई, तेव्हा नव्याने नोकरीला लागलेल्या, कुणाला न विचारता जीप घेऊन हिंगोलीला गेल्या आणि परत येताना मुद्दाम औंढ्याकडून आल्या. चढ चढून दाखवायचा होता, कुणाला ते त्यांनाही सांगता आलं नाही. चढावर बॉनेटमधून वाफ निघायला लागली.

"मला दिसत व्हती वाफ," बाई म्हणाल्या. "पण थांबले असते तर लोक जमले असते. म्हणले असते, बाईमाणसाला जमतं का हे. म्हणून न्हाई थांबले."

इंजिन जाम झालं ते झालंच. वडिलांनी जीप भंगारात दिली. भाऊ एक शब्द बोलला नाही. सीट कव्हरची घडी घालून कोठीत ठेवली आणि महिन्याभरात पुण्याला निघून गेला, दुसऱ्याची गाडी चालवायला. तो भांडला असता, शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, असं बाई म्हणाल्या. त्यानंतर त्यांनी कधी स्टिअरिंगला हात लावला नाही. ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर त्या का बसायच्या हे मला इतक्या वर्षांनी कळलं, आणि हसणाऱ्या पोरींमध्ये मीही होते हे आठवलं.

पण एक गोष्ट तरीही कळेना. तुम्ही त्याच्यासाठी थांबता हे त्याला कळतं का, मी विचारलं. बाईंनी खांदे उडवले. त्याला कळो न कळो, चढ आला की थांबायचं. गोंधळ कमी होण्याऐवजी वाढला. समोरच्याला न कळणारी माफी मागून काय मिळतं? घरी येऊन अब्बांना विचारलं तर ते म्हणाले, तू पंखा साफ कर, बाकीच्यात पडू नको.

मे महिन्यातल्या एका रविवारी बाईंनी मला बोलावलं नव्हतं, मी आपणच गेले. उन्हाने गाव भाजून निघत होतं. शेजारचा ड्रम सकाळपासून ट्रॅक्टरवर फिरत होता, म्हणून दारंखिडक्या लावलेल्या. अकराला हॉर्न झाले, गाड्या निघाल्या. अर्ध्या तासाने लाईट गेली. इन्व्हर्टरवर लॅपटॉप चालू राहिला, पण इन्व्हर्टर कूलर ओढत नाही. कोंदलेल्या स्वयंपाकघरात आकडा चढायला लागला. मी दार उघडलं तर हळदीचा लोट आत आला, परत लावलं. घाट पुढेच होता. बाई, आत्ताच थांबा, मी म्हणाले. झाड येऊ दे, त्या म्हणाल्या. रस्त्याच्या त्या वळणावर नेमकं झाड नव्हतं.

पडदा काळा झाला.

मी सूप घेतलं आणि लॅपटॉप उचलून धरून खालून वारा घालायला लागले. बटण दाबलं, उठेना. अजून गरमच होता. भाचीला फोन लावा, मी म्हणाले. बाईंनी फोन लावला, तो लागेना. मग त्या मांडीवर हात ठेवून नुसत्या बसून राहिल्या. चेहऱ्यावर घाम, अंगात स्वेटर. बाईंना एवढं खचलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. त्या म्हणाल्या, "परत तसंच झालं बघ. थांबायला पायजे व्हतं, न्हाई थांबले." मी वारा घालत राहिले.

लॅपटॉप उठला तेव्हा बराच वेळ गेला होता. फोनच्या नेटवर खेळ परत जोडेपर्यंत आणखी गेला. बाई बघायला तयार नव्हत्या, तूच बघ म्हणाल्या. त्यांचा लाल ट्रक घाटात होता तिथेच उभा राहिला. मी नजर पुढे वळवली तर रस्ता रिकामा. मग मागचा आरसा बघितला. निळा ट्रक मागे होता. पुढे गेलेला माणूस उलटा फिरून आला होता आणि बाईंच्या जागेमागे गाडी लावून, इंजिन बंद करून, चारी इंडिकेटर लावून थांबला होता. बंद पडलेल्या गाडीमागे दुसरी गाडी उभी करतात, येणाऱ्याने धडकू नये म्हणून, तशी.

स्पीकर खरखरला. जाड, घोगरा आवाज आला.

"अक्का, घाई करू नको. थंड होऊ दे. म्या हाये इथं."

बाईंनी पदर तोंडाला लावला. बोलायचं बटण कुठलं ते त्यांना माहीत नव्हतं. मी दाबून धरलं. त्यांच्या तोंडून "व्हय" एवढंच निघालं. नंतर किती तरी वेळ दोन्ही गाड्या तशाच उभ्या होत्या. त्याला जीपचं आठवत होतं की लॅपटॉपचं कळलं होतं, की नुसतीच ट्रकवाल्याची सवय, हे मला आजही सांगता यायचं नाही. बाईंनाही मी ते विचारलं नाही.

दिवाळीच्या सुमारास आमच्या दुकानासमोर एक पांढरी गाडी थांबली. बाई लॅपटॉप घेऊन उतरल्या, यावेळी गोणपाटाशिवाय, आणि म्हणाल्या, कुणा गरजवंताला दे हा, मी पुण्याला चालले काही दिवस. आणि मग वळून ड्रायव्हरच्या बाजूचं दार उघडून स्वतः बसल्या. हिंगोलीच्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये त्या उन्हाळ्यानंतर जात होत्या हे मला नंतर समजलं. तिथला शिकवणारा म्हणायचा, बाईंचं सगळं बराबर आहे, फक्त चढ दिसला की गाडी बंद करतात. डाव्या सीटवर पट्टा बांधून कंबर सरळ धरून एक गृहस्थ बसले होते. माझ्याकडे बघून त्यांनी मान हलवली. गाडी भाचीची, आणि ती मागे पिशव्यांत बुडालेली.

अब्बा उठून बाहेर आले. बाईंनी गाडी सुरू केली, आरसा बसवला. तेव्हा त्या गृहस्थांनी समोर बघतच म्हटलं, "अक्का, औंढ्याच्या चढावर थांबू."

"ही तापत न्हाई रे," बाई म्हणाल्या.

"न तापू दे. थांबू."

बाईंनी एकदा हॉर्न दिला, गाडी रस्त्याला घेतली. चढावर ते कुठे थांबले असतील, तिथे झाड आहे की नाही, असलं काही तरी मी दिवसभर मनात घोळवत बसले आणि काम काही झालं नाही.